खडकीचा निर्माता मलिक अंबर

नांदेड जिल्ह्यात मन्याड नदीच्या परिसरात कंधारचा भुईकोट किल्ला आहे. लातूर जिल्ह्यात औसा आणि उदगीर येथेही असेच भक्कम किल्ले आहेत. यांपैकी कोणत्याही किल्ल्याच्या तटापाशी उभे राहिले, म्हणजे मन थक्क होऊन जाते. या भिंतींच्या पोटात लोखंडी गजांचा सांगाडा नाही. दगडावर दगड रचून त्या उभ्या राहिल्या आहेत. वरच्या बुरुजाचे, तोफांचे आणि पहारेकऱ्यांचे सारे ओझे त्यांनी शतकानुशतके आपल्याच अंगावर वाहिले आहे. स्वतः ओझे वाहणारी अशी भिंत बांधणे ही एक मोठी विद्या आहे. ती विद्या जाणणाऱ्या कारागिरांकडून एक संपूर्ण नगर उभे करून घेणारा एक पुरुष मराठवाड्याच्या भूमीत होऊन गेला. त्याचे नाव मलिक अंबर.

मलिक अंबर हा मूळचा या देशाचा नव्हे. आफ्रिका खंडात इथिओपिया नावाचा देश आहे. आपल्याकडे पूर्वी त्याला हबसाण म्हणत आणि तेथील लोकांना हबशी म्हणत. त्या देशात इ. स. १५४८ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. लहानपणी त्याला चापू या नावाने हाक मारीत. त्या काळी माणसांचा बाजार भरत असे. गाई-बैलांप्रमाणे माणसेही विकली जात. हा कोवळा मुलगाही आईबापांपासून तुटला आणि गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तानातील मोखा बंदर, पुढे बगदाद, असा त्याचा प्रवास झाला. तेथे मीर कासीम नावाच्या धन्याने या मुलाची हुशारी ओळखली. त्याने त्याला लिहावयास-वाचावयास शिकविले आणि अंबर हे नाव दिले. गुलामाच्या नशिबी क्वचितच येणारे विद्येचे धन अशा रीतीने त्याच्या पदरी पडले.

इ. स. १५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर समुद्रमार्गे दक्षिण हिंदुस्थानात आला. त्या वेळी अहमदनगरला निजामशाहीचे राज्य होते. तेथील वजीर चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतः हबशीच होता आणि एके काळी तोही गुलाम होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी सेवक होते. राज्याचा कारभार कसा चालतो, सैन्य कसे सांभाळावे, महसूल कसा गोळा करावा, हे सारे अंबराने त्याच्या हाताखाली राहून पाहिले. पुढे थोड्याच वर्षांत चंगेजखान मरण पावला आणि त्याच्या पत्नीने अंबराला दास्यातून मुक्त केले.

अंबर मोकळा झाला. परंतु मोकळ्या माणसालाही पोट असते. जवळजवळ वीस वर्षे तो निरनिराळ्या ठिकाणी चाकरी करीत राहिला. काही काळ तो विजापूरकरांच्या सैन्यात होता. तेथे त्याला मलिक हा किताब मिळाला. शेवटी आपल्या दीडशे स्वारांना घेऊन तो निजामशाहीत परत आला.

तो परत आला तेव्हा अहमदनगरवर मोठे संकट ओढवले होते. अकबर बादशहाच्या फौजेने किल्ल्याला वेढा दिला होता. किल्ल्यात राज्याचे रक्षण करीत होती शूर चांदबिबी. इ. स. १५९६ च्या फेब्रुवारी महिन्यात मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. चांदबिबीच्या माणसांनी काही सुरुंग शोधून निकामी केले. पण एक उडालाच. प्रचंड आवाज झाला आणि तटाला मोठे भगदाड पडले. तेव्हा चांदबिबी अंगावर चिलखत चढवून स्वतः त्या भगदाडापाशी येऊन उभी राहिली. दिवसभर लढाई झाली. रात्र पडताच तिने माणसे कामाला लावली आणि सकाळ होण्यापूर्वी पडलेली भिंत पुन्हा उभी केली. मोगलांना तह करून परत जावे लागले. त्या काळात मलिक अंबर अभंगखान नावाच्या हबशी सरदाराच्या फौजेत होता. भिंत पडली म्हणजे राज्य पडतेच असे नाही. ती पुन्हा उभारणारे हात असावे लागतात. हा धडा त्या दिवसांत साऱ्या अहमदनगरला मिळाला. अंबराने तर तो जन्मभर गिरविला.

चार वर्षांनी, इ. स. १६०० मध्ये, मोगल पुन्हा आले. या वेळी मात्र चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि किल्ला पडला. निजामशाही बुडाली असे सर्वांना वाटले. अंबराला तसे वाटले नाही. त्याने निजामशाही घराण्यातील एका तरुणाला शोधून काढले, मुर्तजा निजामशहा या नावाने त्याला गादीवर बसविले आणि परांडा येथे राजधानी केली. परांडा हा आजच्या धाराशिव जिल्ह्यातील भुईकोट किल्ला. तेथून अंबर राज्याचा सर्व कारभार पाहू लागला. बाजारात विकला गेलेला मुलगा आता एका राज्याचा आधार झाला होता.

मोगलांचे सैन्य अफाट होते. समोरासमोरच्या लढाईत त्यांच्यापुढे टिकणे कठीण होते. म्हणून अंबराने गनिमी काव्याचा मार्ग धरला. त्याच्या सैन्यात हबशी होते, दक्षिणी मुसलमान होते आणि मराठे स्वारही मोठ्या संख्येने होते. डोंगर, नाले आणि आडवाटा मराठ्यांना तळहातासारख्या ठाऊक. ते अचानक येत, शत्रूची रसद तोडीत आणि दिसेनासे होत. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे हेही याच निजामशाहीच्या बाजूने लढले.

प्रत्येक वेळी जय मिळालाच असे नाही. इ. स. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोठी लढाई झाली. मोगलांचा सेनापती खानखानान अब्दुर्रहीम याचा मुलगा मिर्झा इरीज फौज घेऊन आला होता. हा अब्दुर्रहीम म्हणजेच ज्याचे दोहे आजही मुले पाठ करतात तो कवी रहीम. या लढाईत अंबर जखमी होऊन पडला. तो शत्रूच्या हाती सापडणार, इतक्यात त्याच्या निष्ठावंत सैनिकांनी त्याला उचलून सुरक्षित ठिकाणी नेले. जखमा भरून आल्यावर त्याने खानखानानशी तह केला, विश्रांतीचा काळ मिळविला आणि पुन्हा सैन्य जमविले. पुढे औशाचा किल्लाही त्याने काही काळ ताब्यात घेतला. त्या वेळी औशाला त्याच्या नावावरून अंबरपूर असे नाव पडले होते.

इ. स. १६१० मध्ये अंबराने राजधानी दौलताबादला नेली. देवगिरीचा तो डोंगरी किल्ला अत्यंत बळकट. पण किल्ला लढण्यासाठी असतो, नांदण्यासाठी नगर हवे. व्यापारी, विणकर, शेतकरी यांना पाणी, रस्ते आणि बाजार हवा. म्हणून त्याच वर्षी दौलताबादजवळ खाम नदीच्या काठी, खडकी नावाच्या गावाच्या जागी, त्याने नवे नगर वसविण्यास आरंभ केला.

खडकी हे नाव सार्थ होते. जिकडे पाहावे तिकडे काळा कठीण पाषाण. दुसऱ्या एखाद्याला ती जागा ओसाड वाटली असती. अंबराच्या कारागिरांना तेथे नगर बांधण्याचा सारा माल हाताशी मिळाला. पाथरवटांच्या छिन्न्यांचा आवाज घुमू लागला. चुन्याच्या भट्ट्या पेटल्या. घाणीच्या दगडी चाकाखाली चुना मळला जाऊ लागला.

त्या काळचे गवंडी भिंत कशी बांधीत, हे येथे समजून घेतले पाहिजे. प्रथम ते कठीण जमीन लागेपर्यंत पाया खणीत. भिंत पायाशी रुंद ठेवीत आणि वर जाताना ती किंचित निमुळती करीत. कारण सर्वांत खालच्या दगडावर वरच्या सर्व दगडांचे ओझे पडते. मोठ्या भिंतीला बाहेरून एक आणि आतून एक अशा दोन घडीव बाजू असत. मधल्या पोकळीत लहान दगड व चुना यांचा भराव घालीत. पण एवढ्याने भिंत पक्की होत नाही. दोन्ही बाजू एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवावे लागतात. तसेच, खालच्या थरातील सांध्यावर वरच्या थराचा सांधा येऊ द्यायचा नाही, हा नियम पाळावा लागतो. सांध्यावर सांधा आला, तर भिंतीला तेथेच उभी चीर जाते. भिंत सरळ आहे की नाही, हे गवंडी ओळंबा सोडून पाहतो. ओळंबा सरळ असेल, तर वरचे ओझे सरळ खाली जमिनीत उतरते. भिंत कलली, तर तेच ओझे तिला ढकलू लागते.

भिंतीत दार ठेवायचे झाले, तर त्यावरचे ओझे कोणी पेलायचे? त्यासाठी कमान असते. कमानीचे दगड पाचरीसारखे घडविलेले असतात. वरचे ओझे जितके दाबते, तितके ते एकमेकांना अधिक घट्ट धरतात आणि ते ओझे दोन्ही बाजूंना वाटून देतात. मात्र कमान बाजूच्या भिंतींना बाहेर रेटते. म्हणून त्या भिंती जाड व वजनदार ठेवाव्या लागतात. ही विद्या पाहावयाची असेल, तर त्या शहरातील भडकल दरवाजा पाहावा. मोगलांवर मिळविलेल्या विजयाची खूण म्हणून अंबराने इ. स. १६१२ मध्ये हा भव्य दरवाजा उभारला. आज चारशेहून अधिक वर्षे झाली, तरी तो आपल्या कमानींवर ताठ उभा आहे. काळ्या पाषाणाच्या मशिदीही त्याने बांधल्या. लोक त्यांना काली मशीद म्हणतात.

पण नगराचे दैव फिरले. इ. स. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोषणगाव येथे अंबराचा पराभव झाला. विजयी मोगल फौज खडकीत शिरली. तिने नगर लुटले आणि त्याची राखरांगोळी केली. सहा वर्षांचे श्रम धुळीस मिळाले. अंबर त्या वेळी सत्तरीकडे झुकला होता. या वयात माणसे काठी शोधतात. त्याने पुन्हा गवंडी आणि पाथरवट बोलावले.

खडकीची खरी अडचण पाण्याची होती. लोकवस्ती वाढत होती आणि नदीचे पाणी पुरत नव्हते. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी मात्र जमिनीच्या पोटात झरे होते. ते पाणी जमिनीखालून बांधीव मार्गाने नगरात आणावे, असे अंबराने ठरविले. दरबारातील काही विद्वानांनी या कल्पनेची थट्टा केली, अशी कथा सांगतात. अंबर कामाला लागला. भूमीखाली दगड-विटांच्या भिंती बांधून, वर झाकण घालून, लांबच लांब मार्ग तयार करण्यात आला. त्याला इतका बेताचा उतार दिला, की कोठेही मोटेची वा बैलांची गरज न लागता पाणी आपोआप वाहत राहावे. ठिकठिकाणी आत उतरून सफाई करण्यासाठी विहिरीसारखी तोंडे ठेवली. नगरात उंच बांधीव मनोरे उभारले. त्यांना बंबे म्हणतात. पाणी त्यांत वर चढे आणि तेथून भाजलेल्या मातीच्या नळांनी हौदांत व घरांत जाई. हीच ती प्रसिद्ध नहर-ए-अंबरी. जमिनीखालच्या या भिंतींवर वरच्या मातीचे आणि रस्त्यांचे ओझे सतत असे. तरीही तिने तीनशेहून अधिक वर्षे लोकांची तहान भागविली.

नगर पुन्हा गजबजले आणि पुन्हा संकट आले. इ. स. १६२१ मध्ये शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढे शहाजहान झालेला राजपुत्र, याच्या फौजेने खडकीचा दुसऱ्यांदा विध्वंस केला. अंबराला तह करावा लागला. शत्रू परतताच त्याने तिसऱ्यांदा नगर सावरले. जे घर जळाले त्याचे दगड जळाले नव्हते आणि बांधणाऱ्यांचे हातही शाबूत होते.

नगरे बांधणाऱ्याला गावांचा विसर पडला नव्हता. त्याने शेतजमिनीची पाहणी करविली आणि जमिनीचा कस व आलेले पीक पाहून सारा ठरविण्याची पद्धत घातली. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क सांभाळले. सततच्या लढायांनी उजाड झालेली खेडी त्यामुळे पुन्हा नांगरू लागली. दगड नुसते रचून भागत नाही, ते एकमेकांत गुंतवावे लागतात. हबशी, मराठे, दक्षिणी अशा नाना लोकांना अंबराने तसेच एकत्र गुंतविले होते.

इ. स. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एक होऊन त्याच्यावर चालून आले. अहमदनगरजवळ भातवडी येथे अंबराने तळ्याचा बांध फोडला. सगळीकडे चिखल झाला. शत्रूच्या तोफा आणि घोडे त्यात रुतून बसले. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजविला आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. अंबराला मोठा विजय मिळाला. पाण्याला वाट कशी द्यावी आणि बांध कोठे दुबळा असतो, हे त्या वृद्ध सेनानीला चांगले ठाऊक होते.

दोनच वर्षांनी, इ. स. १६२६ मध्ये, सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मलिक अंबर मरण पावला. वेरूळजवळ खुलदाबाद येथे त्याची दगडी कबर आहे. जहांगीर बादशहाचा त्याच्यावर इतका राग होता, की बादशहा अंबराच्या मस्तकावर बाण सोडीत आहे असे चित्र दरबारी चित्रकाराने रंगविले. प्रत्यक्षात तसे कधी घडले नाही. अंबर गेल्यावर मोगलांच्या इतिहासकारालाही त्याच्या शौर्याची आणि कारभाराची प्रशंसा करावी लागली. सुमारे दहा वर्षांत निजामशाही संपली. कंधारचा किल्ला इ. स. १६३१ मध्येच मोगलांकडे गेला होता. खडकीचे नाव प्रथम फतेहनगर, मग औरंगाबाद झाले आणि इ. स. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. राज्य गेले, नावे बदलली. नगर मात्र राहिले.

मुलांनो, भिंत बांधण्याची ही विद्या विसरली म्हणजे काय होते, हेही मराठवाड्याने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आसपासच्या गावांत भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन करून लोक गाढ झोपले होते. क्षणार्धात घरे कोसळली आणि हजारो माणसे दगडमातीखाली गाडली गेली. त्या घरांच्या भिंती बारीक नव्हत्या; चांगल्या रुंद होत्या. परंतु पुष्कळ भिंतींत ओबडधोबड दगड नुसत्या मातीत रचलेले होते. आतली व बाहेरची बाजू जोडणारे आरपार दगड त्यांत नव्हते. वर माळवदाच्या मातीचे जड ओझे होते. धक्का बसताच भिंतीच्या दोन बाजू एकमेकींपासून सुटल्या आणि माळवद खाली आले. पुढे दुरुस्तीच्या वेळी अभियंत्यांनी जुन्या भिंतींना आरपार छिद्रे पाडून त्यांत काँक्रीटचे दुवे भरण्याचे आणि भिंतींना सभोवार पट्टे बांधण्याचे उपाय शिकविले. म्हणजे जुन्या गवंड्याचा आरपार दगड नव्या रूपाने परत आला.

रुंदी म्हणजे बळकटी नव्हे. दगड दगडाला धरून असेल, तरच भिंत ओझे पेलते. मलिक अंबर हे जाणत होता. कधी कंधारला, औशाला किंवा उदगीरला गेलात, तर त्या तटांवर हात ठेवा आणि दगडांचे सांधे नीट पाहा. आणि आपल्या गावात एखादे घर बांधले जात असेल, तर थोडा वेळ थांबून गवंडी ओळंबा कसा सोडतो, तेही पाहा.

स्वाध्याय

१. अंबर दक्षिण हिंदुस्थानात कसा आला ? तेथे तो काय शिकला ?
२. चांदबिबीने पडलेली भिंत कशी सावरली ?
३. भिंतीत आरपार जाणारे लांब दगड का बसवितात ?
४. नहर-ए-अंबरीचे पाणी बैलांवाचून नगरात कसे येई ?
५. किल्लारीच्या भूकंपात रुंद भिंतीही का कोसळल्या ? पाठाच्या आधारे सांगा.
६. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या दगडी भिंतीचे निरीक्षण करून तिचे दहा ओळींत वर्णन करा.